गुरुवार, चार ते साडेचार

१०:०० — ०.४२

यीस्ट वाढत होतं. दर दोन तासांनी बाटलीतलं थोडं द्रावण काढायचं, यंत्रात ठेवायचं, ते किती गढूळ झालंय त्याचा आकडा वहीत लिहायचा. दिवसाचे पाच आकडे, पाच आकड्यांचा एक वक्र, आणि त्या वक्रावर माझं शेवटचं सत्र. शनिवार असल्यामुळे प्रयोगशाळेत दुसरं कुणी नव्हतं. आकडा लिहिला, पेनाला टोपण लावलं आणि फोन वाजला.

समन्वयक मॅडम. मार्गदर्शक योजना त्या चालवतात. वरच्या वर्गातल्या मुलांनी पहिल्या वर्षाच्या पाच जणांना दर गुरुवारी भेटायचं, अभ्यास, करिअर आणि छंद या तिन्हींचा तोल कसा सांभाळायचा ते समजावायचं आणि पाचच्या आत फॉर्म भरायचा. योजनेच्या पत्रकावर माझा फोटो आहे, एका हातात परीक्षानळी, दुसऱ्या हातात गाण्याची वही. तो छापून आल्यापासून माझी रूममेट मला 'तराजू' म्हणते.

"लॅबमध्ये आहेस ना? खाली सुरक्षा कक्षात ये," मॅडम म्हणाल्या. "तुझ्या पाचांतली ती छोटीशी. एवढी मोठी बॅग घेऊन फिरते ती."

"मुंगी?"

"काय म्हणता तुम्ही तिला ते. बुधवारपासून फोन बंद आहे तिचा. खोलीवर नाही. आई आल्यात."

मी वही मिटली.

"घाबरू नकोस. गुरुवारी तू तिला भेटलीस हे किती बरं झालं. शेवटची तूच. काल आईंचा फोन आला तेव्हा मी तुझा फॉर्मच वाचून दाखवला त्यांना. म्हणून तर काल निर्धास्त झोपल्या बिचाऱ्या. आज सकाळीही फोन लागेना, तेव्हा निघून आल्या."

मी गुरुवारी मुंगीला भेटले नव्हते.

फॉर्म असा होता:

वेळ: गुरुवार, ४ ते ४:३०. ठिकाण: कँटीन, खिडकीजवळ. अभ्यास: ७. करिअर: ६. छंद: ५. एकूण स्थिती: छान. तपशील: प्रात्यक्षिकांबद्दल बोललो. मोकळी वाटली. हसली.

तो मी गुरुवारी पावणेपाचला, गाण्याच्या तालमीच्या मधल्या सुटीत उभ्याउभ्या भरला. फॉर्मवर एक बटण आहे, 'मागील नोंदीवरून भरा'. ते दाबलं. सगळं तसंच्या तसं नको म्हणून अभ्यासाच्या सहाचा सात केला. 'हसली' हे मात्र माझं स्वतःचं. पाचच्या आत फॉर्म गेला नाही तर मॅडमच्या फलकावर आपल्या नावापुढे लाल ठिपका येतो. दोन वर्षांत माझ्यापुढे एकही नव्हता.

मी जिना उतरले.

सुरक्षा कक्षात चार पडदे, किल्ल्यांची फळी आणि एक टेबल. टेबलामागे सुरक्षावाले काका, बाजूला मॅडम, आणि खुर्चीच्या अगदी कडेला मुंगीची आई. मांडीवर पिशवी, पिशवीवर दोन्ही हात. तर्जनीला सुईच्या टोचण्यांचे बारीक काळे ठिपके. मुंगी म्हणाली होती, आई कपडे शिवते.

"ही का ती ताई?" आई म्हणाल्या. "ये गं, बस. फार सांगते ती तुझ्याबद्दल. ताई असं म्हणाली, ताई तसं म्हणाली. मी म्हटलं, अगं, त्या ताईलाच आई कर मग."

काका हसले. मॅडम हसल्या. मीही.

"गुरुवारी कशी होती ती?"

इथे सांगता आलं असतं. तोंड उघडलंही होतं. पण त्या बाईंचा चेहरा कालपासून माझ्या एका शब्दावर उभा होता, हे मला दिसत होतं. आणि मॅडम बाजूला बसल्या होत्या. माझं शिफारसपत्र त्यांनी लिहून ठेवलं होतं, संशोधन संस्थेला सोमवारी जाणार होतं. 'एकही लाल ठिपका नाही' हे वाक्य त्यात आहे, असं त्यांनी मला मुद्दाम सांगितलं होतं.

"बरी होती, काकू," मी म्हणाले. "हसली."

"हसली ना?" आई काकांकडे वळल्या. "मॅडमनी सांगितलं होतं मला. हसली म्हणून."

"कपडे कुठले होते अंगावर?" काकांनी वही पुढे ओढली. "कॅमेऱ्यात शोधायला बरं पडेल."

तिघंही माझ्याकडे बघू लागली. मी गुरुवारी दुपारी काय पाहिलं होतं? तालमीत माझ्या पुढच्या रांगेत उभी असलेली मुलगी. तिची पाठ.

"हिरवा स्वेटर," मी म्हणाले.

काकांनी लिहिलं. हि-र-वा. सावकाश, एकेक अक्षर दाबून.

"हिरवा?" आईंच्या कपाळाला आठी पडली. "तिच्याकडे हिरवा नाही. तिचे सगळे मीच विणलेत." मग थोड्या वेळाने, जरा पडलेल्या आवाजात, "नवा घेतला असेल. मला बोलली नाही."


१२:०० — ०.६१

"रीडिंग घेऊन आलेच," असं सांगून मी वर पळाले. घाईत द्रावण दोनदा सांडलं. आकडा मात्र खरा घेतला. रीडिंग मी कधीच मनाने भरत नाही. सोमवारी हेच मी मुंगीला सांगितलं होतं. नाही. ते त्याच्या आधीच्या सोमवारी.

त्या सोमवारी ती म्हणाली होती, "ताई, प्रात्यक्षिकात दोन रीडिंग राहिली माझी. मागचं-पुढचं बघून भरू का? सगळे भरतात."

"नाही," मी म्हणाले होते. "जे घेतलं नाही ते लिहायचं नाही. जागा रिकामी सोडायची. रिकामी जागा खोटं बोलत नाही."

तिने ते लगेच वहीच्या मागच्या पानावर उतरवून घेतलं. मला बरं वाटलं होतं.

या सोमवारी ती प्रयोगशाळेच्या दाराशी उभी होती, पाठीवर ती भलीमोठी बॅग. "ताई, दोन मिनिटं आहेत? सरांनी रिकाम्या जागांना शून्य दिलं. पूर्ण प्रात्यक्षिकाला. म्हणाले, एवढं आळशी पोर बघितलं नाही."

माझ्या हातात चिमट्यात धरलेली गरम बाटली होती. "गुरुवारी बोलू. चारला. नक्की."

"बरं," ती म्हणाली. दारात अडकू नये म्हणून बॅग अंगाशी ओढून घेतली आणि गेली.

बुधवारी दुपारी एकला तिचा संदेश आला. मी तो आता, प्रयोगशाळेच्या ओट्याला टेकून, पुन्हा उघडला.

'ताई, उद्या नाही आले तर चालेल का?'

त्याखाली माझं उत्तर. एक अंगठा.

पुसून टाकता आलं असतं. बोट त्यावर दाबून धरलं की 'हटवा' येतं. आलंही. ती अक्षरं मी किती वेळ बघत होते कोण जाणे. रूममेटचा संदेश आला, 'तराजू, जेवायला येतेस का?' आणि माझं बोट उचललं गेलं.


२:०० — रिकामे

मी परत खाली गेले तेव्हा काकांनी गुरुवारची चित्रफीत लावून ठेवली होती. कँटीनचं दार, चार वाजता. मुलं येत होती, जात होती. आई पडद्याला नाक लावून बसल्या होत्या. मॅडमनी त्यांच्यासाठी मागवलेली कॉफी निवून वर साय धरली होती.

"तू कुठे दिसत नाहीस गं," मॅडम म्हणाल्या.

"मागच्या दाराने गेलो आम्ही."

चौथं खोटं. की पाचवं. मोजणं सुटलं होतं. एका खोट्याला टेकू द्यायला दुसरं, दुसऱ्याला तिसरं, आणि सगळी वजनं माझ्याच डोक्यावर.

काकांनी दुसरा कॅमेरा लावला. नदीकडच्या फाटकाचा. चार सत्तेचाळीस.

"थांबवा," आई म्हणाल्या.

पडद्यावर एक मुलगी पाठमोरी चालली होती. बारीक, बुटकी. हिरवा स्वेटर. हात छातीशी आवळलेले. फाटकातून बाहेर पडली आणि नदीच्या पायवाटेला लागली.

"हीच," आई म्हणाल्या. "चाल तिचीच आहे. लहानपणापासून अशीच चालते, डावा खांदा वर करून." त्यांनी बोट पडद्यावर ठेवलं. "पण बॅग कुठाय? बॅग कुठे टाकली तिने?"

काकांनी फीत पुढे पळवली. पाच. साडेपाच. फाटकातून कितीतरी माणसं आत आली. हिरवा स्वेटर आला नाही.

क्षणभर मलाही ती मुंगीच वाटली. खरंच सांगते. मी खोटं बोलले आणि ते उठून कपडे घालून नदीकडे चालू लागलं. मग ती मुलगी वळताना तिच्या वेणीचा लाल रबर दिसला. ती आमच्या गाण्यातली होती. गुरुवारी मधल्या सुटीत नदीच्या वाटेने घरी निघून गेली, म्हणून गाण्याचे सर चिडले होते.

काकांनी फोन उचलला. "बचाव पथकाला सांगतो," ते मॅडमना हळूच म्हणाले, पण खोली लहान होती. "दोन दिवस झालेत. पाण्यात उतरायचं तर उजेड आहे तोवर."

आईंनी पिशवी घट्ट धरली. त्यांच्या घशातून एक आवाज आला, शिवणयंत्राचा दोरा तुटतो तेव्हा येतो तसा, लहानसा.

"ती मुंगी नाहीये," मी म्हणाले.

"तुला काय माहीत?" मॅडम.

"ती दुसरी आहे. मी ओळखते तिला. हिरवा स्वेटर तिचा आहे. मी..." पुढचं वाक्य मी जमिनीकडे बघत बोलले. "मी गुरुवारी मुंगीला भेटलेच नाही. फॉर्म मनाने भरला."

काकांनी फोन खाली ठेवला. त्याचा टक्‌ असा आवाज झाला, बस.

आई माझ्याकडे वळल्या. रागावल्या असत्या तर सोपं गेलं असतं.

"म्हणजे हसली नाही ती?"

"मला माहीत नाही, काकू."

"मग बघितलंस कधी तिला?"

"सोमवारी. दोन मिनिटं मागत होती. दिली नाहीत."

मॅडम उठल्या. त्यांनी चष्मा काढला, पदराने पुसला, परत घातला. "काल मी यांना फोनवर सांगितलं," त्या म्हणाल्या, माझ्याशी नाही, पडद्याशी. "काल शोधायला लागलो असतो." मग दाराकडे जाता जाता, "पत्राचं सोमवारी बघू. आधी तो फॉर्म उघड."


४:०० — रिकामे

संगणक कक्षातले काका सुटीच्या दिवशी बोलावलं म्हणून कुरकुरत आले आणि आईंना बघून गप्प झाले. मी माझ्या नावाने आत शिरले, गुरुवारचा फॉर्म उघडला. आजवर मी भरलेला फॉर्म परत कधी उघडला नव्हता. कोण उघडतं.

सगळ्यांत खाली करड्या बारीक अक्षरांत ओळी होत्या.

प्रत विद्यार्थ्याला पाठवली: गुरुवार, ४:४९.
विद्यार्थ्याने उघडली: गुरुवार, ६:१२.
विद्यार्थ्याने उघडली: गुरुवार, ६:१५.
विद्यार्थ्याने उघडली: गुरुवार, ६:२१.
विद्यार्थ्याने उघडली: शुक्रवार, ६:०४.
विद्यार्थ्याने उघडली: शुक्रवार, ६:०५.

अशा नऊ.

"म्हणजे आहे ती," आई म्हणाल्या. "काल सहाला होती ती. कुठेतरी." त्यांनी माझा दंड धरला. मी आहे म्हणून नव्हे, जवळ होता म्हणून.

मला वेगळंच दिसत होतं. मुंगी कुठेतरी बसलीय. बुधवारपासून फोन बंद, आपण नाही हे कुणाच्या लक्षात येतंय का ते बघतेय. आणि तिला पत्र येतं. गुरुवारी चार वाजता तू कँटीनमध्ये खिडकीजवळ होतीस. मोकळी वाटलीस. हसलीस. तुझं छान चाललंय.

नऊ वेळा.

ज्या मुलीला मी शिकवलं होतं की रिकामी जागा खोटं बोलत नाही, तिची रिकामी जागा मी भरून टाकली होती.

"कुठून उघडलं ते कळेल?" मॅडमनी विचारलं.

संगणकवाल्या काकांनी खूप वेळ खटखट केली. "आपल्या आवारातून नाही. सगळे एकाच ठिकाणचे." त्यांनी पत्ता वाचून दाखवला. नदीपलीकडचं सार्वजनिक वाचनालय. "शनिवारी साडेसहाला बंद होतं. माझा धाकटा जातो तिथे."


६:०० —

पूल, दोन सिग्नल, एक लांबलचक रस्ता. मॅडमच्या गाडीत मागे आई आणि मी. आई खिडकीतून दिसणाऱ्या प्रत्येक मुलीकडे बघत होत्या. माझ्याशी एकदाच बोलल्या.

"तिचा छंद काय लिहिलायस तू? पाच म्हणजे काय पाच?"

"दहापैकी."

"ते कळलं. पण कशातले?"

मी आठवून पाहिलं. पहिल्याच भेटीत विचारलं होतं. ती म्हणाली होती, "आईच्या चिंध्यांतून मी लहान मुलांसाठी कापडी पुस्तकं शिवते. तो छंद होतो का?" मी म्हणाले होते, "काहीतरी दाखवता येईल असं बघ, अर्जात लिहायला." आणि पाच दिले होते.

वाचनालयात पोचलो तेव्हा पावणेसहा झाले होते. खालच्या दालनात चार संगणक, त्यातले तीन रिकामे. चौथ्यावर एक आजोबा बुद्धिबळ खेळत होते आणि हरत होते. मुंगी नव्हती. मॅडम बाहेर फाटकाशी थांबल्या, कुणी आलं-गेलं बघायला. ग्रंथपाल बाई पुस्तकांवर शिक्के मारत होत्या. "बारीकशी, मोठी बॅगवाली?" त्यांनी मान हलवली. "इथे रोज पन्नास पोरं येतात हो. सगळ्यांच्याच बॅगा मोठ्या."

मी एका संगणकासमोर बसले. आई शेजारी. फॉर्मवर 'दुरुस्ती' नावाची एक जागा आहे. तिथे लिहिलेलंही विद्यार्थ्याकडे जातं. मी लिहिलं:

'गुरुवारी भेट झाली नाही. मी गाण्याच्या तालमीत होते. तू बुधवारी विचारलंस, मी न वाचल्यासारखा अंगठा दिला. सोमवारची दोन मिनिटंही मी दिली नाहीत. रीडिंगच्या जागा तू माझ्या सांगण्यावरून रिकाम्या ठेवल्यास, हे सरांना मी सांगायला हवं होतं. तू कुठे होतीस, कशी होतीस, मला काहीच माहीत नाही. आईंना मी सांगितलं की तू हिरव्या स्वेटरमध्ये होतीस. तेही खोटं. आई माझ्या शेजारी बसल्या आहेत.'

'पाठवा' दाबलं. लाल अक्षरं आली: अभ्यास, करिअर, छंद, या जागा रिकाम्या सोडता येणार नाहीत.

"काय झालं?" आई.

"आकडे मागतंय."

"मग दे की."

"खरे कुठून आणू?"

आजोबांनी मान वळवून आमच्याकडे पाहिलं. भिंतीवरच्या घड्याळात सहाला एक मिनिट कमी. मी तिन्ही जागी शून्य टाकलं आणि शेवटी एक ओळ वाढवली, 'ही शून्यं माझी आहेत, तुझी नाहीत.' फॉर्म गेला.

मग वाट बघणं.

६:०२. काही नाही.

६:०४. ग्रंथपाल बाईंनी खिडक्या लावायला घेतल्या. आईंचा श्वास माझ्या कानाशी ऐकू येत होता, एक आत, मग बराच वेळ काही नाही, मग बाहेर. मी मनात नदी बघत होते. काल सहानंतर पूर्ण चोवीस तास होते. चोवीस तासांत कितीही नद्या येतात.

६:०७. काही नाही. तिने नऊ वेळा वाचलं, दहाव्यांदा का वाचावं?

६:०९.

विद्यार्थ्याने उघडली: शनिवार, ६:०९.

आईंनी माझा हात दाबला, इतका की हाडाला लागलं. फॉर्मच्या तळाशी 'विद्यार्थ्याचा अभिप्राय' अशी एक चौकट असते. ती कुणी कधी भरत नाही. मी पान पुन्हा उघडलं. पुन्हा. पुन्हा. चौथ्यांदा चौकटीत दोन ओळी होत्या.

'हिरवा स्वेटर कुणाचा?
आईला जिना चढायला लावू नका, तिचा गुडघा दुखतो.'

"तीच," आई म्हणाल्या. "दुसरं कोण बोलेल असं." हसल्यासारखं झालं त्यांना. मग दुसरी ओळ पुन्हा वाचली आणि ते हसू जागच्या जागी राहिलं. "जिना? कुठला जिना?"

मी ग्रंथपाल बाईंकडे वळले. "इथे वर काय आहे?"

"लहान मुलांचा विभाग. एक जुना संगणक आहे, चालला तर चालतो. त्यावर गच्ची." त्या घाईने म्हणाल्या, "पण मी आत्ता खिडक्या लावून आले वरच्या. कुणी दिसलं नाही मला. कपाटांमागे असेल तर कोण जाणे."

तिने आम्हाला येताना पाहिलं होतं. वरून. आणि आईने वर येऊ नये असं तिला वाटत होतं. का, ते त्या ओळीत नव्हतं. गुडघ्यासाठीच असेल. मी स्वतःला तीनदा सांगितलं, गुडघ्यासाठीच असेल.

आई उठल्या. मीही उठले.

"तू थांब इथेच," त्या म्हणाल्या. आवाज चढवला नाही. पिशवी माझ्या खुर्चीवर ठेवली आणि कठडा धरून जिना चढू लागल्या. एक पायरी, दुसरा पाय तिच्याशी. एक पायरी. वळणावर गेल्या आणि दिसेनाशा झाल्या.

मी जिन्याच्या तळाशी उभी राहिले. वर पावलं, सावकाश, कपाटांच्या मधून. थांबली. पुन्हा पावलं. मग एक खुर्ची सरकली. एकच.

मग काहीच नाही.

कान इतके ताणले होते की आजोबांच्या बुद्धिबळाची टिकटिक डोक्यात ठोके घालत होती. दार उघडल्यासारखं वाटलं. गच्चीचं असेल. नसेलही. कुणीतरी रडत होतं, किंवा वारा खिडकीच्या फटीतून येत होता.

ग्रंथपाल बाई दिव्यांच्या बटणांपाशी येऊन थांबल्या. वर बघितलं, मग माझ्याकडे.

"सापडली का हो तुमची मुलगी?"

हो म्हणायला जीभ उचललीच होती.

"माहीत नाही," मी म्हणाले. "मी अजून पाहिलं नाहीये."